पंचमीच्या दिवशी नांगराची बाजू

"पंचमीले बैलाची मेहनत तोंडात घालू नको, अनुसया. अन् त्या दिवशी खोटं तं अजिबात बोलू नको. ऋषी कान देऊन बसले राह्यतात."

सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण ऋषिपंचमीची पहाट उजाडली की दुर्गाबाईंचा तो आवाज अनुसयेच्या कानाशी येऊन बसायचा. आवाज कसला, दटावणीच ती. नवी नवरी असताना अनुसयेने भीत भीत विचारलं होतं, "आत्याबाई, बैलाची मेहनत म्हंजे काय हो?" तेव्हा दुर्गाबाईंनी तिला हाताला धरून गोठ्यात नेलं आणि बैलासमोर उभं केलं. "वर्षभर याच्या जिवावर खातो आपन. एक दिवस याले मोकळा सोडाचा. नांगर फिरला त्या जमिनीतलं काईच खायचं नाही. भात नाही, डाळ नाही, पोळी नाही. मंग समजते पोटाले."

पोटाला समजायचं, आणि चांगलंच समजायचं. पण अनुसयेने नेम कधी मोडला नाही. तिचे नेम तसे पुष्कळ होते. तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा नाही, देवापुढे दिवा लागल्याशिवाय चूल नाही. ती बोलायचीही देवाजवळ बसल्यासारखी, हळू. शेजारची शेवंताबाई गावभर सांगत फिरायची, "अनुसया बोलली का मी पहिले झाडाकडं पाहतो. म्हटलं, वारा तं नाही सुटला!"

गावामागच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, काठाच्या चिखलात, कोणी न पेरता एक धान उगवतं. राजेगावात त्याला देवधान म्हणतात. लांब मिशांचं, आणि पिकलं की नुसता हात लागला तरी गळून पडणारं. पंचमी जवळ आली की बायका टोपल्या घेऊन गुडघाभर पाण्यात उतरायच्या, एकमेकींच्या अंगावर पाणी उडवायच्या, जळवा काढायच्या आणि ते धान टोपलीत झाडून घ्यायच्या. एवढं करून, कांडून, पाखडून घरटी जेमतेम वाटीभर तांदूळ निघायचा. तो तांदूळ आणि परसात हाताने खणून लावलेलं अळू, हेच पंचमीचं जेवण, तेही एकदाच.

त्या सकाळी अनुसया देवधान निवडत बसली होती. तेवढ्यात तिचा नवरा, प्रेमलाल, ओसरीवर येऊन उभा राहिला. त्याने तोंड उघडलं, हात हलवले, मान हलवली. आवाज मात्र आला नाही. भात्याला भोक पडावं तशी नुसती हवा आली.

"काय झालं?"

त्याने घशाकडे बोट दाखवलं.

"बसला ना? काल म्हणली होती मी, आरतीत एवढं वर नका जाऊ म्हून. गनपती काई बहिरा नाही."

प्रेमलालच्या तोंडावर एरवी हसू आलं असतं. आज आलं नाही, कारण आज संध्याकाळी त्याला बोलायचं होतं. सगळ्या गावासमोर.

त्याचं असं झालं होतं. गावात दुलीचंदची धानाची मिल होती. धान भरडून होईपर्यंत लोक तिथे पोत्यांवर बसायचे आणि जगाच्या उठाठेवी करायचे. माणूस आभाळात जाऊन फिरून आल्याच्या बातम्या तेव्हा अजून लोकांच्या तोंडात होत्या. एकदा त्यावरून बोलता बोलता नथ्थू गुरुजींनी विचारलं, "आजवर जगात जेवढे शोध लागले, त्यांत सगळ्यांत मोठा शोध लावणारा कोण?" दुलीचंदने मागे फटफटणाऱ्या इंजिनाकडे बोट दाखवलं. गुरुजी म्हणाले, छापखाना काढणारा. आणि प्रेमलालने मांडीवर थाप मारून सांगितलं, "नांगर! ज्यानं पहिला नांगर केला तो. बाकीचे सारे त्याच्या पोटावर उभे."

वाद मिटेना. शेवटी ठरलं की गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी, शाळेच्या वऱ्हांड्यात तिघांनी बोलायचं. भजनी मंडळाचे महागूबाबा पंच. ज्याची जी वस्तू ती टेबलावर मांडायची, आणि गावाने ज्याचं पटेल त्याच्यासमोर फूल ठेवायचं. जास्त फुलं त्याला मानाचा नारळ. गणपतीचा दुसरा दिवस म्हणजे ऋषिपंचमी, हे एकाही पुरुषाच्या ध्यानात आलं नाही. पंचमी चुलीजवळ राहणारी. पोत्यांवर बसणाऱ्यांना ती कशी दिसावी?

प्रेमलाल खाली बसला आणि कानाशी तोंड नेऊन फुसफुसला, "तू बोल. माह्या जागी."

अनुसयेच्या हातातलं सूप थांबलं. "मी? कुठी?"

"सभेत. नांगराकून."

"अवो, आज पंचमी हाय. आज नांगराचा दाना तोंडात नाही घालत आमी. अन् तुमी म्हणता त्याचं गुन गा!"

प्रेमलालने बोटांवर तिथी मोजली आणि कपाळाला हात लावला. मग पुन्हा फुसफुसला, "दुलीचंदच्या इंजनासमोर माहं नाक कापाचं का? सारा गाव म्हणन, प्रेमलाल भेला."

"दुसऱ्या कोनाले सांगा."

"कोनाले? तुले माहीत हाय मी काय बोलनार होतो. महिनाभर तुह्याच डोक्शाशी बोललो."

ते खरं होतं. जेवताना, झोपताना, बैलांना तणस टाकताना त्याने नांगराची इतकी स्तुती केली होती की अनुसयेला ते भाषण स्तोत्रासारखं पाठ झालं होतं.

गोठ्यातून चांद्याने हंबरून पाणी मागितलं. अनुसया उठली, बादली घेऊन गेली. चांद्याची शिंगं पोळ्याच्या दिवशी हिंगुळाने रंगवली होती, तो रंग अजून उतरला नव्हता. पण रंगाखालचा बैल उतरला होता. ती या घरात आली त्याच वर्षी तो गोऱ्हा म्हणून दावणीला आला होता. आता त्याचे गुडघे वाजायचे, चिखलणीत तो बांधीत, त्या धानाच्या तुकड्यात, अर्ध्यावरच उभा राहून जायचा. पण अजून ती शेण काढायला वाकली की तो न सांगता एक पाऊल बाजूला सरकायचा. घरातलं दुसरं कोणी तिच्यासाठी असं सरकत नसे.

आणि उद्या हट्टा गावचा बैलबाजार होता. बैलांच्या व्यापाऱ्याला, बाबूलालला, प्रेमलालने शब्द देऊन ठेवला होता, म्हातारा बैल बाजारात आणून देतो म्हणून. तणस दोन बैलांपुरतीच, नवा गोऱ्हा बांधायचा होता, आणि बसून खाणारा तिसरा कसा परवडणार? प्रेमलालचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्यामुळेच अनुसयेला त्याच्याशी भांडताही येत नव्हतं. बाबूलाल म्हातारे बैल घेऊन कुठे जातो ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कोणी विचारत नव्हतं.

ती रिकामी बादली घेऊन परत आली. नवऱ्यासमोर उभी राहिली. आयुष्यात तिने त्याच्याकडे अट घालून काही मागितलं नव्हतं.

"बोलीन मी," ती म्हणाली. "पन चांद्या बाजारात जानार नाही."

 प्रेमलालने घसा खाकरून पाहिला, काही निघेना. शेवटी ओठांनीच शब्द घडवले: "नांगर जिंकला, तं."

"अन् हरला तं?"

त्याने हात हट्ट्याच्या दिशेने हलवला.

"हौ," अनुसया म्हणाली. तिने रिकामी बादली पालथी घातली आणि पुन्हा सूप हातात घेतलं.

संध्याकाळी शाळेचा वऱ्हांडा भरून गेला. पेट्रोमॅक्स लावला होता. गणपतीसमोर टेबल, टेबलावर तीन वस्तू. दुलीचंदने इंजिनाचं तेलकट चाक आणलं होतं. गुरुजींनी पुस्तक ठेवलं होतं, लाल कपड्यात गुंडाळून. आणि मध्ये प्रेमलालने सुताराकडून करून घेतलेला वीतभर नांगर. प्रत्येकाच्या हातात एकेक फूल, कोणाकडे झेंडू, कोणाकडे जास्वंद.

एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. बायकांची बाजू आज जरा गप्प होती. सकाळपासून वाटीभर देवधानावर होत्या बिचाऱ्या.

दुलीचंद पहिला उठला. त्याची बोली म्हणजे अर्धी हिंदी, अर्धी मराठी, आणि दोन्ही जोरात. "देखो भाई! माझी दादी पायानं ढेकीवर धान कुटत होती. कुटते कुटते पाय घिसून गेले बिचारीचे. आता? पट्टा चढवला, फट फट फट, इकडून धान, तिकडून चावल! जिसने इंजन बनाया, वही सबसे बड़ा. बात खतम!"

"अन् बिघडलं का?" मागून कोणी ओरडलं. "तवा कोन मोठा? बालाघाटचा मिस्त्री का तुही दादी?"

हशा पिकला. दुलीचंदने चाकावरची धूळ पुसली आणि रुबाबात बसला.

गुरुजी उभे राहिले. ते शाळेतल्यासारखे शुद्ध बोलले. ज्ञान, ग्रंथ, अंधार, उजेड. शेवटी म्हणाले, "छापखाना नसता तर घरोघरी पंचांग कुठून आलं असतं?"

बायकांतून शेवंताबाईचा आवाज आला, "घरोघरी आलं, पन उघडलं कोनं, गुरुजी? उघडलं असतं तं आज आमाले उपाशीपोटी बसवलं असतं का?"

आता बायकांची बाजूही हसली. गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "हे मात्र आमचं चुकलं, बाई."

महागूबाबांनी नाव घेतलं, "प्रेमलाल." प्रेमलाल उठला, घशाकडे बोट दाखवलं, मग बायकोकडे. सगळ्या माना वळल्या. अनुसयेने पदर डोक्यावरून पुढे ओढला, मनात देवाचं नाव घेतलं आणि टेबलाजवळ जाऊन उभी राहिली.

ती बोलली. निदान तिचे ओठ हलले.

"आवाज!" पुरुषांतून आरोळी आली.

ती पुन्हा बोलली. पेट्रोमॅक्सची सूंसूं तिच्याहून मोठी होती.

शेवंताबाईला राहवेना. ती कमरेला पदर खोचून तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. "अवं बोल तू. मी सांगतो यायले. या कानानं घेतो अन् तोंडानं सोडतो."

मग ती सभा तशीच चालली. अनुसया एक वाक्य हळू बोलायची आणि शेवंताबाई ते गावाला ऐकवायची. ऐकवताना थोडं स्वतःचंही घालायची.

"नांगर ज्यानं केला, त्यानं माणसाले एका जागी बसवलं," अनुसया म्हणाली.

"नांगरवाल्यानं माणसाले एका जागी बसवलं म्हणते!" शेवंताबाई गरजली. "नाहीतं आजबी तुमी जंगलात कंदं खोदत फिरले असते, अन् आमी तुमच्या मागं!"

पुरुष टाळ्या वाजवायला लागले. प्रेमलाल सरसावून बसला. भाषण त्याचंच होतं, शब्द न् शब्द त्याचा.

"नांगर नसता तं बांधी नसती, धान नसतं..."

"बांधी नसती, धान नसतं, अन् दुलीचंद, तुह्या इंजनात काय घातलं असतं? गोटे?"

दुलीचंदसुद्धा हसला. नांगराची हवा चढत चालली होती. आता फक्त शेवटचं वाक्य राहिलं होतं: म्हणून नांगर करणारा सगळ्यांत मोठा. तेवढं म्हणायचं आणि खाली बसायचं. चांद्या राहिला असता.

अनुसयेने टेबलावरच्या नांगराकडे पाहिलं. नवं लाकूड, गुळगुळीत, सुंदर. तिला आपल्या घरचा नांगर आठवला. धानाची रोवणी झाल्यापासून तो भिंतीला टेकून उभा होता, आणि आज सकाळीच त्याच्यावर कोंबडी बसलेली तिने पाहिली होती. ओठांपर्यंत आलेलं वाक्य तिथेच थांबलं. ते खरं नव्हतं. आणि आजचा दिवस पंचमीचा होता.

"बोल ना वं," शेवंताबाईने कोपर मारलं.

"पन नांगर एकटा काई करत नाही," अनुसया म्हणाली.

शेवंताबाईने सवयीने ते पुढे फेकलं, आणि फेकल्यावर तिला कळलं काय बोललो ते. तिने चमकून अनुसयेकडे पाहिलं. प्रेमलालने दोन्ही हातांनी खुणा सुरू केल्या, थांब, बस, बस.

अनुसयेने त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बोलता आलं नसतं. "माह्या सासूबाई सांगत होत्या. एका वर्षी रोगानं गावातले बैल गेले. तवा त्यायनं अन् मामंजीनं स्वतः जू खांद्यावर घेतलं. एका बांधापासून दुसऱ्या बांधालोक गेले, अन् तिथंच बसले. नांगर तोच होता. लोहाराकडून नवा फाळ बसवून आणलेला."

शेवंताबाईने हे सांगितलं, पण या वेळी स्वतःचं काही घातलं नाही. वऱ्हांड्यातल्या म्हाताऱ्यांना ते वर्ष आठवत होतं. महागूबाबांनी मान खाली घातली.

"आज आमी बायांनी बैलाच्या मेहनतीचं काई खाल्लं नाही. बोडीत उतरून हातानं धान गोळा केलं. इतक्या जनी, इतके दिवस. अन् एकेकीच्या वाटनीले वाटीभर आलं. बैल बाजूले केला का माणसाच्या हातात एवढंच राह्यते. वाटीभर."

"वाटीभर!" शेवंताबाईने ओंजळ करून सगळ्या पुरुषांना दाखवली. "बगा! एवढंच! अन् तुमी सकाळी किती हाणलं?"

"नांगर केला तो हुशार होता. मी नाही म्हणत नाही," अनुसया म्हणाली. तिचा आवाज आता तितका हळू नव्हता, की सभाच शांत झाली होती, कोण जाणे. "पन त्याच्याबी अगोदर कोनीतरी हातात चारा घेऊन बैलाजवळ गेलं असन. तवा बैल रानातला होता, त्याले शिंगं होती, पळून जाता आलं असतं. तो पळाला नाही. तो हौ म्हणला. माणसानं कितीबी शोध लावले असते, अन् बैल नाही म्हणला असता, तं आपन आजबी वाटीभरच खाल्लं असतं. मले नांगराकून उभं केलं. पन आज खोटं बोलाचं नसते. मोठा तोच, जो हौ म्हणला."

ती नमस्कार करून खाली बसली. टाळी वाजली नाही. बसल्यावर तिला कळलं की आपण काय केलं. नांगराची बाजू घेऊन गेलो आणि नांगरालाच बाजूला सारून आलो. चांद्याचा दोर आपल्याच हाताने बाबूलालच्या हातात दिला. तिच्या डोळ्यांपुढे पेट्रोमॅक्स अंधूक झाला.

महागूबाबा म्हणाले, "आता फुलं ठेवा."

पुरुष उठले. काहींनी पुस्तकापुढे ठेवली, काहींनी चाकापुढे. बायका मात्र फुलं हातात घेऊन उभ्याच राहिल्या.

"ठेवा ना बाई," दुलीचंद म्हणाला. "मेरे चक्के के सामने बहुत जागा है."

"आमचा तं टेबलावर नाहीच ना," शेवंताबाई म्हणाली. "आमचा तं गोठ्यात हाय." आणि ती चालायला लागली. तिच्यामागे सगळ्या बायका. शाळेपासून प्रेमलालचं घर हाकेच्या अंतरावर. मग काय होतंय ते पाहायला पुरुष निघाले, आणि शेवटी ज्याच्या हातात पेट्रोमॅक्स होता तोही निघाला, तेव्हा वऱ्हांड्यात गणपती, समई आणि टेबलावरच्या तीन वस्तू एवढंच उरलं.

गोठ्यात चांद्या रवंथ करत बसला होता. एवढा उजेड आणि एवढी माणसं पाहून तो गुडघे वाजवत उभा राहिला. शेवंताबाईने त्याच्या पुढ्यात फूल ठेवलं. दुसरीने ठेवलं. तिसरीने. झेंडू, जास्वंद, तेरडा, पायाशी चांगला ढीग झाला. दोन-चार म्हाताऱ्या पुरुषांनी टेबलावर ठेवलेली फुलंही परत उचलून आणली होती, तीही त्यात पडली.

"मोजा आता," नथ्थू गुरुजी म्हणाले.

चांद्याने मान खाली केली, ढीग हुंगला, आणि जीभ फिरवून खायला सुरुवात केली.

"अरे, अरे! वोट खा गया!" दुलीचंद ओरडला.

"खाऊ द्या! त्याचेच होते!" शेवंताबाई म्हणाली. पोटात कावळे ओरडत असलेल्या त्या बायका एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसायला लागल्या. चांद्या शांतपणे खात होता. तेरडा त्याला विशेष आवडला असावा. सगळा संपल्यावर त्याने जमीनही चाटली.

दुलीचंदने मात्र हिशोब सोडला नाही. "बाबा, टेबलावर माझेच फूल जास्ती. किताबकू कम. अन् नांगरकू तर एकच, प्रेमलालनं खुद ठेवलेलं. नारळ मेरा!"

महागूबाबांनी हातातल्या नारळाकडे पाहिलं. थोडा वेळ दाढी कुरवाळली. "दुलीचंद, तू म्हणतो ते बरोबर हाय. बैलानं शोध लावला नाही, मंग पंच म्हून मी कसं म्हणू का तो जिंकला? पन गावाचं मत ज्याच्या पोटात गेलं, त्याले डावलून दुसऱ्याले नारळ देला, तं उद्या मले भाकर गोड लागनार नाही." ते वळले. "प्रेमलाल, इकडं ये."

प्रेमलाल पुढे आला. तो घामेजला होता.

"बैल तुहा. त्याच्या वतीनं नारळ तू घे. पन गावासमोर शब्द दे, का हा मरेस्तोवर या दावनीवरून हलनार नाही. देतो का?"

सगळी हसणारी तोंडं प्रेमलालकडे वळली. बाबूलालला दिलेल्या शब्दाची गोष्ट गावात कोणाला ठाऊक नव्हती. ती त्या दोघांनाच ठाऊक होती. प्रेमलालने बायकोकडे पाहिलं. अनुसया दाराच्या चौकटीला धरून उभी होती, डोळे जमिनीकडे लावून. ती हसली नाही, विनवलं नाही, अट आठवूनही दिली नाही. नांगर हरला होता. ठरलेलं ठरलेलं होतं.

प्रेमलालने तोंड उघडलं. हवा आली. लोक पुन्हा हसले. मग त्याने डावा हात चांद्याच्या कपाळावर ठेवला, उजव्या हाताने नारळ घेतला आणि मान हलवली. एकदा, हळूच.

"देला शब्द!" शेवंताबाईने गावाला सांगितलं.

लोक पांगले. अनुसयेने गोठ्यातली माती सारखी केली, देवाजवळ बसली, पण जपात मन लागेना. सभेत, उजेडात, एवढ्या माणसांत हललेली मान. ती सकाळपर्यंत टिकेल का? बाबूलाललाही शब्दच दिलेला होता. आणि तिच्याशी झालेल्या सौद्यात तर ती हरलेलीच होती. प्रेमलालला काही विचारावं, तर त्याला बोलता येत नव्हतं. आणि तिची विचारायची छाती नव्हती.

पहाटे गोठ्यात खुडबुड ऐकू आली. अनुसया ताडकन उठली. बाजाराला बैल न्यायचा तर याच वेळी निघावं लागतं, उन्हाच्या आत. ती पदर सावरत अंगणात आली आणि थांबली.

प्रेमलाल गोठ्यातून बाहेर येत होता. त्याच्या हातात दोर नव्हता. सायकल होती. गोठ्याच्या कुडाला टेकून ठेवलेली ती तो आवाज न करता बाहेर काढत होता. मागे चांद्या समोर टाकलेली तणस खात उभा होता.

"कुठी?" अनुसयेने विचारलं.

त्याने हट्ट्याच्या दिशेने मान केली.

"बाबूलालकडं?"

त्याने होकार दिला.

"अवो, पन बोलाल कसं?"

 प्रेमलालने सायकल कमरेला टेकवली, दोन्ही हातांची बोटं डोक्याला लावून शिंगं केली, आणि ती शिंगं जोरजोरात नाही नाही म्हणून हलवली.

अनुसयेने तोंडाला पदर लावला. हसू दाबता दाबता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "थांबा, चहा तं घ्या," ती म्हणाली. पण त्याने हातानेच नको सांगितलं. बाजार भरण्याआधी बाबूलालला गाठायला हवं होतं. दुसऱ्याने वाट पाहत बसावं, हे बरं नव्हे.

त्याने कानाला उपरणं बांधलं, सायकल अंगणातून रस्त्यावर नेली, घंटी न वाजवता तिच्यावर बसला, आणि पांढऱ्या धुक्यातून, धानाच्या बांध्यांमधून, हट्ट्याकडे निघाला.